अजाणता अंमल

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रणजित शेडगेनं दूध संघाच्या टँकरचं स्टिअरिंग हातात घेतलं, तेव्हा त्याच्या रक्तात दारूचा थेंब नव्हता. साडेअकराला त्याच टँकरनं वळणावर सुजाता होनमाने नावाच्या शिक्षिकेची स्कूटर उडवली, तेव्हा मात्र शंभर मिलिलिटर रक्तात ब्याण्णव मिलिग्रॅम अल्कोहोल होतं. कायद्याला तीस पुरतात. हे आकडे पोलिसांनी काढले नव्हते, खुद्द स्टिअरिंगनं कळवले होते. त्यामुळे हुज्जत घालायची तरी कुणाशी, हा प्रश्नच होता.

स्टिअरिंगवरची ती पट्टी आता सगळ्या व्यावसायिक गाड्यांना सक्तीची झाली आहे. तिच्यातून अवरक्त प्रकाश निघतो, तळहाताच्या कातडीतून आत शिरतो आणि परत येतो. रक्तात अल्कोहोल असेल तर ते या प्रकाशाचा ठरावीक भाग गिळतं. परत आलेल्या प्रकाशात किती तूट आहे ते पाहून पट्टी आकडा सांगते. फुंकर मारायला नको, सुई टोचायला नको. ती दोनदाच मोजते, दिवसात पहिल्यांदा गाडी सुरू होताना आणि गाडी आदळल्यावर. मधे मोजायला चालकांच्या संघटनांनी विरोध केला होता. माणसावर दिवसभर पाळत कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

होनमाने बाईंचं मांडीचं हाड मोडलं होतं. कुणी जखमी झालेलं असलं तर दोन वर्षं कैद आणि लायसन्स कायमचं रद्द, असा नवा कायदा होता.

"या खटल्यात बचाव असतात मोजून चार," झाकिया मुल्ला वकील म्हणाल्या. विट्याच्या कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं आणि असल्या खटल्यांत त्यांचा हातखंडा होता. "यंत्र बिघडलेलं. नमुना बदललेला. खोकल्याचं औषध. नाहीतर हात साफ करायचं जेल, ते तळहातावर राहिलं की पट्टी फसते. यातलं काय जमतंय बघू."

"मॅडम, मी प्यालोच न्हाई," रणजित म्हणाला. "आजवर तोंडाला लावलेली न्हाई."

"हा पाचवा. पक्षकार खरं बोलतोय. माझ्या पंचवीस वर्षांत अजून कुणी वापरलेला नाही." त्या त्याच्या बायकोकडे वळल्या. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

मोनालीनं पदर सारखा केला. "ते म्हणत्यात तर तसंच असणार," ती म्हणाली.

झाकियाबाईंनी तिच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि कागद ओढला.

मोनालीला पक्कं ठाऊक होतं की नवरा पितो. आठ महिने ठाऊक होतं. दुपारी अडीचला तो कामावरून घरी यायचा तेव्हा त्याच्या तोंडाला वास यायचा. फार नाही, पण तिला पुरेल इतका. तिचे वडील गवंडीकाम करायचे आणि पिऊनच गेले. त्यामुळे या वासाबाबत तिचं नाक सरकारी प्रयोगशाळेच्या तोडीचं होतं. आईनं तिला एकच गोष्ट शिकवली होती, की विचारायचं नाही. विचारलं की भांडण आणि भांडणापाठोपाठ मार. रणजितनं अठरा वर्षांत तिच्यावर हात उगारला नव्हता. पण लहानपणी अंगी मुरलेलं असं सहज निघत नाही. तिनं चकार शब्द काढला नाही. अपघाताची बातमी आली तेव्हा तिला धक्का बसला नाही, उलट वाट पाहणं संपल्यासारखं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

चारही बचाव पंधरा दिवसांत निकाली निघाले. पट्टीची तपासणी महिन्यापूर्वीच झाली होती आणि प्रमाणपत्र फाइलला होतं. दवाखान्यात काढलेल्या रक्तात पट्टीपेक्षा दोन मिलिग्रॅम जास्तच निघाले. औषध नव्हतं आणि जेलही नव्हतं. उरला पाचवा.

"सकाळी शून्य आणि साडेअकराला ब्याण्णव. मधे काय केलंत?" झाकियाबाईंनी विचारलं.

"शीतकरण केंद्रावर दूध भरलं. दहाला डबा खाल्ला."

"डब्यात काय?"

"दहीभात. साखर घालून. रोजचाच."

झाकियाबाई पेन चावत बसल्या. मग त्यांनी मिरजेतल्या डॉक्टर इनामदारांना फोन लावला. "छत्तीस तास कॅमेऱ्यासमोर राहायचं," त्यांनी रणजितला सांगितलं. "दार बंद, बाहेरचं काही आत येणार नाही. फक्त घरचा डबा येईल, तोही तपासून. चोरून पीत असाल तर आताच सांगा, माझा वेळ वाचेल."

रणजितनं लगेच सही केली. मोनालीनं डबा भरला. आता सगळं उघडं पडणार, या खात्रीनं तिनं साखर जरा जास्तच घातली. शेवटचा लाड म्हणून.

सकाळी दहाला शून्य. डबा खाल्ला. अकराला बाहत्तर, बाराला एकशे सोळा, एकला एकशे चार. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दही दिलंच नाही, नुसता साखरभात दिला. तरी सत्त्याऐंशी.

"दारू त्यांच्या पोटात तयार होतेय," डॉक्टर इनामदार म्हणाले. ते सावकाश बोलत, सगळ्या जगाला वही काढून लिहून घ्यायला सांगितल्यासारखे. "तुम्ही दही कुठलं खाता?"

रणजितच्या पायांना तीन वर्षांपूर्वी मुंग्या येऊ लागल्या होत्या. बी-बारा कमी होतं. ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या माणसाला हे परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा बाजारात 'जीवदा' नावाचं दही नवीन आलं होतं. त्यात बी-बारा तयार करणारं यीस्ट होतं, प्रयोगशाळेत घडवलेलं. ते आतड्याला चिकटून राहायचं आणि आठवडाभर आतल्या आत बी-बारा पुरवायचं. त्याला दोन कुलपं होती. दारू बनवणारी जनुकं काढून टाकलेली होती. शिवाय जगायला त्याला एक खास द्रव्य लागायचं, जे फक्त त्या डब्यातच घातलेलं असायचं. डबा थांबवला की आठवड्यात यीस्ट मरायचं. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सगळा विचार केला होता. एकच गोष्ट त्यांनी गृहीत धरली होती, की डबा संपला की माणूस दुसरा आणतो.

मोनालीनं पहिल्याच डब्यातलं चमचाभर दही काढून कोमट दुधात विरजण लावलं. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही, कुणालाच वाटलं नसतं. सकाळी घट्ट दही लागलं. त्यातलं चमचाभर दुसऱ्या दिवसाला, दुसऱ्यातलं तिसऱ्याला, अशी तीन वर्षं. डब्यावर 'विरजणासाठी वापरू नये' असं लिहिलेलं होतं, तिळाएवढ्या अक्षरात. दही असं लागायचं की कवडी पाडावी. शेजारच्या सात घरांनी तिच्याकडून विरजण मागून नेलं. त्यात आणखी दोघे टँकरवाले होते.

"घरच्या दुधात रानटी यीस्ट असतंच," डॉक्टर म्हणाले. "हजारभर वेळा दही लावलंत. एवढ्या वेळात दोघांचा संकर झाला. चिकटून बसायची सवय कंपनीच्या यीस्टची आणि दारू काढायची विद्या रानटी यीस्टची. ते खास द्रव्यही त्याला आता लागत नाही. यांच्या आतड्यात ते घर करून आहे. भात मिळाला, साखर मिळाली, की भट्टी लागली."

"मला दुपारी पेंग यायची," रणजित म्हणाला. "मला वाटलं बी-बारा परत कमी झालं. म्हणून दही वाढवलं."

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मोनाली भिंतीला टेकून उभी होती. तिला सर्दीचा त्रास, दही तिला वर्ज्य. ती स्वतः कधी चमचाभरही खात नव्हती. नवरा खरं बोलत होता या आनंदानं तिचे डोळे भरून आले. आठ महिने आपण या माणसाला काय समजत होतो, हे आठवून त्याच डोळ्यांनी तिला त्याच्याकडे बघवेना.

घरी गेल्यावर तिनं दह्याचं पातेलं उकळत्या पाण्यानं धुतलं आणि सातही घरी जाऊन विरजण फेकायला सांगितलं. दोन घरांतल्या बायकांनी नाकं मुरडली. इतकं छान लागतं दही, म्हणाल्या.

खटल्याच्या चार दिवस आधी झाकियाबाईंनी मोनालीला एकटीला बोलावलं.

"यीस्ट सिद्ध होईल. पण तेवढ्यानं भागत नाही," त्या म्हणाल्या. "कायदा म्हणतो, रक्तात दारू असताना गाडी चालवणं हा गुन्हा. ती कुठून आली हे कायदा विचारत नाही. सुटायला एकच कलम आहे, अजाणता अंमल. आपल्या अंगात दारू आहे हे आरोपीला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं काही कारणही नव्हतं, हे दाखवायचं. दुसरा अर्धा भाग अवघड असतो."

"म्हणजे?"

"सरकारी वकील घोरपडे विचारणार, महिनोन्महिने तोंडाला वास येत असेल तर कुणीतरी टोकलं असेलच. शीतकरण केंद्रावर हा माणूस एकटाच जेवायचा, तिथं कुणी नव्हतं. राहिलं कोण? तुम्ही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, वास आला होता का?"

मोनाली म्हणाली, "आला होता. आठ महिने."

"त्यांना विचारलंत कधी? बोललात?"

"न्हाई."

"एकदाही?"

"एकदाही न्हाई."

झाकियाबाईंनी सुस्कारा सोडला. "मग झालं की! हेच कोर्टात सांगा. वास आला नाही म्हणालात तर डॉक्टरांचा पुरावा तुम्हाला खोटं पाडेल. विचारलं होतं म्हणालात तर त्यांना ठाऊक होतं असं ठरेल आणि ते आत जातील. वास आला आणि विचारलं नाही, यानंच ते सुटतात. पक्षकाराच्या फायद्याचं आणि खरं एकच निघालं, असं रोज होत नाही हो."

"मॅडम, तेवढ्या वेळापुरतं त्यांना बाहेर बसवता येईल?"

"आरोपी आहेत ते. साक्ष त्यांच्यासमोरच घ्यावी लागते." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आधी घरी सांगावंसं वाटत असेल तर सांगा, मी अडवणार नाही. पण घोरपडे विचारेल, हे दोघांनी घरी बसून ठरवलं का. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मी बघितलंय. ठरवा तुमचं तुम्ही."

मोनालीनं सांगायचं ठरवलं. घरी आली तेव्हा रणजित अंगणात ट्रेच्या खणांतून पालकाची रोपं वेगळी करत होता. संघानं निलंबित केल्यापासून त्याला हा नाद लागला होता. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "एक बोलायचं होतं."

"मलाबी," तो म्हणाला. त्यानं हात झटकले. "अपघात झाल्यावर संघातले सगळे म्हणले, शेडगे पीत असणार. भावानं फोन करून विचारलं, खरं सांग. शेजाऱ्यांनीबी विचारलं. तू तेवढी एका शब्दानं विचारलं न्हाईस. पोलिसांनी आणून सोडलं त्या दिवशीबी न्हाई. म्हटलं, चला, एक तरी माणूस हाय." तो मोठ्यानं बोलायला लागला होता, कारण त्याला रडू येत होतं. "एवढंच सांगायचं होतं. तुझं काय?"

"काही न्हाई," मोनाली म्हणाली. "पालकाला पाणी कमी पडतंय."

चौथ्या दिवशी ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. रणजित समोरच्या बाकावर होता. मागे होनमाने बाई कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून बसल्या होत्या. न्यायाधीश पाटणकर बाईंच्या टेबलावर लेखनयंत्र होतं. ते साक्ष टिपून घेतं आणि शेवटी वाचून दाखवतं, साक्षीदाराला मान्य आहे का ते पाहायला.

झाकियाबाईंनी चार प्रश्नांत आपलं काम उरकलं. वास आला, आठ महिने आला, बोलले नाही, कुणालाच बोलले नाही. मोनालीनं रणजितकडे पाहिलं नाही. पण बाकावरची त्याची हालचाल थांबली, एवढं तिला कळलं.

घोरपडे तरुण होता आणि हुशार होता. तो उठला तो हसतच. "बाई, आठ महिने नवऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतो आणि बायको विचारत नाही? हे कुणाला पटेल?"

"पटायसारखं न्हाईच."

"मग खरं काय? विचारलंत ना तुम्ही?"

"न्हाई विचारलं."

"का?"

"विचारायचं कशाला? मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"की ते पितात."

घोरपडेनं कागद चाळले. या दिशेनं जाणं धोक्याचं आहे हे त्याच्या ध्यानात येत होतं, पण पाऊल पुढे पडलं होतं. "म्हणजे तुमचा नवऱ्यावर विश्वास होता की नव्हता?"

मोनालीला माहीत होतं की 'होता' म्हटलं तर आपण विचारलं असतं असं निघेल. शिवाय ते खोटं झालं असतं. तिला पळून जावंसं वाटत होतं. "नव्हता," ती म्हणाली. "ते दुपारी आले की मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची, ते वास घ्यायला. कपडे धुवायच्या आधी हुंगायची. टँकरच्या सीटखालीबी एकदा बघितलं. काही सापडलं न्हाई, तर म्हटलं, लपवण्यात हुशार हायत."

"बस, एवढंच," घोरपडे म्हणाला आणि बसला.

मग लेखनयंत्रानं साक्ष वाचली. त्याचा आवाज बाईचा होता, गोड आणि सपाट. "साक्षीदाराचा आरोपीवर विश्वास नव्हता. साक्षीदार दारात पाण्याचा तांब्या घेऊन वास घेण्यासाठी उभी राहत असे." न्यायाधीशांनी विचारलं, "बरोबर आहे?" मोनाली म्हणाली, "बरोबर आहे," आणि सही केली. रणजित खाली मान घालून स्वतःच्या तळहातांकडे पाहत होता.

बाहेर व्हरांड्यात होनमाने बाईंनी तिला गाठलं. त्या चिडलेल्या नव्हत्या. शाळेत एखाद्या मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुम्ही एकदा जरी विचारलं असतं, तर ते तपासायला गेले असते ना?"

"गेले असते," मोनाली म्हणाली. "सरळ माणूस हाय. लगेच गेले असते."

होनमाने बाईंनी मान हलवली आणि कुबड्या टेकत त्या रिक्षाकडे गेल्या.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. रणजित निर्दोष सुटला. आरोपीला सावध करू शकणारी एकमेव व्यक्ती त्याच्याविषयीच्या अविश्वासापोटी गप्प राहिली, म्हणून त्याला कळण्याचं काही कारण नव्हतं, असं न्यायाधीशांनी लिहिलं. पुढे त्यांनी असंही लिहिलं की हा निकाल जाहीर झाल्यानंतर अशा दह्याचं विरजण लावून खाणाऱ्या कुणालाही 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणता येणार नाही. बचाव एकदाच वापरून संपला. महिन्याभरात जिल्ह्यातल्या सगळ्या टँकरचालकांच्या पोटांची तपासणी झाली आणि एकोणीस जणांच्या आतड्यांत तेच यीस्ट सापडलं. त्यातले दोघे मोनालीच्या गल्लीतले होते. बाकी सतरा जणांना विरजण कुणाकडून कुणाकडे गेलं, याचा माग शेवटपर्यंत लागला नाही.

रणजितला तीन महिने औषध चाललं. भात बंद, साखर बंद. या तीन महिन्यांत तो मोनालीशी वाईट वागला नाही. जेवायला वाढलं की 'पुरे' म्हणायचा, बाहेर जाताना 'येतो' म्हणायचा. आवाज चढवला नाही की टोमणा मारला नाही. त्यानं ओरडावं म्हणून ती मनातल्या मनात विनवण्या करायची. सोसायला तिला तेवढं एक येत होतं. एकदा तिनं माफी मागितली. तो म्हणाला, "तुझ्यामुळंच सुटलो मी," आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. त्यात उपरोध नव्हता, म्हणून तर ते तिला जास्त लागलं.

दर महिन्याच्या तिन्ही तपासण्यांत आतडं स्वच्छ निघालं आणि लायसन्स परत मिळालं. पहिल्या दिवशी तो टँकर घेऊन गेला आणि दुपारी अडीचला घरी आला. मोनाली मुद्दामच स्वयंपाकघरात थांबली होती. तो चपला काढून थेट आत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"विचार," तो म्हणाला.

"काय विचारू?"

"जे आठ महिने विचारलं न्हाईस ते."

तिनं हातातला पळीचा दांडा घट्ट धरला. हे शब्द तिच्या आईनं कधी उच्चारले नव्हते आणि तिनंही नव्हते. "तुम्ही प्यालाय का?" तिनं विचारलं. आवाज फाटला.

"न्हाई," रणजित म्हणाला.

तो खरं बोलत होता. स्टिअरिंगनं सकाळी तसंच सांगितलं होतं, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, आणि या घडीला मोनालीचाही त्याच्यावर पुरता विश्वास होता. पण त्याचा शब्द पुरा व्हायच्या आतच ती किंचित पुढे झुकली होती आणि तिनं नाकानं श्वास आत ओढला होता. ते तिला ओढून झाल्यावर कळलं. त्याला आधीच कळलं होतं. त्यानं हात धुतले आणि पाट ओढून तो जेवायला बसला.